बाथरूमचं काम, कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आणि ॲडव्हान्स (कॅलिफोर्निया)

रानजाई | ४ मार्च, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. आम्ही फ्रीमाँटला राहतो. घर १९७२ सालचं आहे. जूनमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे टबच्या काठावरून पाय आत टाकणं त्यांना जमणार नाही. म्हणून टब काढून सपाट शॉवर करायचा, नळ बदलायचे, एक्झॉस्ट फॅन लावायचा आणि भिंतीला धरायला दांडे बसवायचे, असं ठरवलंय.

दोन कोट (खर्चाचे अंदाज) आले. एक ३८,००० डॉलरचा, दुसरा ३१,५०० चा. दुसरा माणूस ओळखीतून आला, बोलायला मोकळा, घरी येऊन दीड तास बसून सगळं समजून घेतलं. आम्हाला तोच आवडलाय. पण त्याच्या काही अटी आहेत. ४० टक्के ॲडव्हान्स, म्हणजे १२,६००. त्यातले निम्मे रोख दिले तर आणखी हजार कमी करेन म्हणतो. परमिट आम्ही आमच्या नावावर काढायचं, "तुम्हाला लवकर मिळेल" म्हणून. आणि परवापर्यंत हो की नाही ते सांगायचं.

कार्डावर लायसन्स नंबर छापलेला आहे. एवढं पुरे ना? पुण्यात आईबाबांनी घराचं काम काढलं तेव्हा मिस्त्रीला विसार दिला आणि काम सुरू झालं, एवढाच आमचा अनुभव. इथे पहिल्यांदाच करतोय.

दगडफूल | ४ मार्च, रात्री १०:५२

रानजाई, परवापर्यंत काहीही देऊ नका. चेकही नाही, रोख तर मुळीच नाही.

मी सॅन होजेजवळ राहतो. इलेक्ट्रिकलचं लायसन्स आहे, नंतर जनरल बिल्डिंगचंही काढलं. रोज हेच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या करारावर ॲडव्हान्सची मर्यादा कायद्यातच आहे. १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यातली जी रक्कम कमी असेल तेवढीच. तुमच्या ३१,५०० वर १० टक्के म्हणजे ३,१५०. या दोन्हींत १,००० ही रक्कम लहान, म्हणून तुमचा ॲडव्हान्स हजार डॉलर. टाइल मागवायच्या आहेत, कारागिरांना उचल द्यायची आहे, असली कारणं चालत नाहीत. त्यानंतरचे हप्तेसुद्धा झालेल्या कामाच्या किंवा घरी येऊन पडलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त मागता येत नाहीत. लायसन्स असलेल्या माणसाला हे ठाऊकच असतं, परीक्षेत विचारतात. १२,६०० मागणारा एक तर नियम मोडतोय हे जाणून मागतोय, नाही तर त्याला नियमच माहीत नाही. दोन्ही तुमच्यासाठी वाईट.

आता लायसन्स नंबर. कार्डावर नंबर छापायला कुणाची परवानगी लागत नाही. राज्याचं कॉन्ट्रॅक्टर लायसन्स बोर्ड, सीएसएलबी, १९२९ पासून आहे. त्यांच्या साइटवर तो नंबर टाका. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. पान उघडलं की नुसतं "ॲक्टिव्ह" बघून बंद करू नका. चार गोष्टी इथे लिहा:

धंद्याचं नाव आणि माणसाचं नाव काय आहे. क्लासिफिकेशन (कामाचा वर्ग) काय लिहिलंय. बाँड (कॉन्ट्रॅक्टरने चूक केली तर भरपाईसाठी असलेली हमी) चालू आहे का. आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशनच्या (कामगारांच्या दुखापतीच्या विम्याच्या) रकान्यात काय आहे.

परमिटबद्दल उद्या सविस्तर लिहितो. तोवर सही नको.

पाणपोई | ५ मार्च, सकाळी ६:३५

+१, ॲडव्हान्स देऊ नका.

एक खुलासा, कारण न्यू जर्सीची मंडळीही हा धागा वाचतील. हे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. आमच्याकडे २००४ च्या कायद्याने होम इम्प्रूव्हमेंट कॉन्ट्रॅक्टरला राज्याकडे नोंदणी करावी लागते, नंबर १३व्हीएच ने सुरू होतो. पण ती नोंदणी होती, कसबाची परीक्षा नव्हे. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनची मात्र वेगळी बोर्डं आहेत, त्यांची रीतसर लायसन्स. जानेवारी २०२४ मध्ये नवा कायदा झाला, त्यात लायसन्स आणि बाँडची तरतूद आलीय. एडिसनला भाचीच्या घराचं काम झालं तेव्हा ती "रजिस्टर्ड आहे" एवढ्यावर निर्धास्त होती. रजिस्टर्ड आणि लायसन्स्ड हे दोन वेगळे शब्द आहेत, हे तिला तेव्हा सांगायला हवं होतं असं राहून राहून वाटतं.

चिंचबन | ५ मार्च, सकाळी ८:०२

टेक्ससात तर जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्सच नाही. इलेक्ट्रिशियन, एसीवाला आणि प्लंबर यांना लागतं. पहिल्या दोघांचं एक खातं, प्लंबरचं बोर्ड वेगळं. बाकी शहराची नोंदणी असेल तर असेल. आम्ही फ्रिस्कोला किचन केलं तेव्हा शोधायला बसलो आणि शोधण्यासारखं काहीच नाही हे कळलं. मग इन्शुरन्सचं सर्टिफिकेट थेट विमा कंपनीकडून मागवलं आणि आधीच्या तीन घरमालकांशी बोललो. कॅलिफोर्नियात एवढं सगळं एका पानावर मिळतंय तर ते वापरा.

रानजाई | ५ मार्च, दुपारी १२:४०

जेवणाच्या सुट्टीत बघितलं. जसं दिसतंय तसं लिहिते.

स्टेटस: ॲक्टिव्ह. बाँड: २५,०००, चालू. क्लासिफिकेशन: सी-३३. वर्कर्स कॉम्प: एक्झेम्प्ट, कर्मचारी नाहीत असं कळवलंय. धंद्याचं नाव कार्डावर आहे ते नाही, वेगळंच आहे. आणि माणसाचं नावही त्याचं नाही. त्याला मेसेज केला तर म्हणाला, "तो माझा पार्टनर आहे, एकच गोष्ट आहे."

सी-३३ म्हणजे काय?

दगडफूल | ५ मार्च, संध्याकाळी ७:१५

सी-३३ म्हणजे रंगकाम.

इथे लायसन्सचे मुख्य वर्ग असे: ए म्हणजे रस्ते, पूल अशी मोठी अभियांत्रिकी कामं. बी म्हणजे जनरल बिल्डिंग. सी म्हणजे एकेका कसबाचं: सी-१० इलेक्ट्रिकल, सी-३६ प्लंबिंग, सी-२० एसी-हीटर, सी-३९ छप्पर, सी-५४ टाइल, सी-३३ रंग. २०२१ पासून बी-२ नावाचा नवा वर्ग आलाय, खास राहत्या घरांच्या रिमॉडेलिंगसाठी. तुमच्या कामात प्लंबिंग आहे, इलेक्ट्रिकल आहे, टाइल आहे, म्हणून बी किंवा बी-२ वाला हवा. बी वाल्याला सुतारकाम सोडून किमान दोन वेगळ्या कसबांचं काम असेल तरच ते मुख्य कॉन्ट्रॅक्टर म्हणून घेता येतं, बी-२ ला तीन. तुमचं बाथरूम दोघांतही बसतं. रंगाच्या लायसन्सवर बसत नाही. बसवलं तर तो त्या कामापुरता विनापरवानाच.

वर्कर्स कॉम्प. "एक्झेम्प्ट" म्हणजे त्याने बोर्डाला लिहून दिलंय की माझ्याकडे एकही कामगार नाही. मग तुमच्या घरी टब कोण काढणार? जुन्या ओतीव लोखंडाच्या टबचं वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. तो एकटा जिन्यावरून खाली आणणार नाही, तीन-चार माणसं आणणार. त्यांतला एक जिन्यावरून घसरला तर त्याच्या दवाखान्याचा खर्च कोणाच्या विम्यातून? अशा वेळी कायद्याच्या नजरेत घरमालकच त्या कामगाराचा मालक ठरू शकतो. तुमच्या पानावरची ही एक ओळ मला सगळ्यात जास्त टोचली.

नाव. लायसन्स माणसाच्या खिशातलं पाकीट नाही की पार्टनरला वापरायला द्यावं. कंपनीचं लायसन्स असेल तर त्यामागे परीक्षा दिलेली एक व्यक्ती लागते. ती अधिकारी असेल किंवा नोकर. नोकर असेल तर आठवड्याला किमान ३२ तास किंवा धंद्याच्या वेळेच्या ८० टक्के तिथे प्रत्यक्ष काम करणारी हवी. उसना नंबर घेऊन दुसऱ्याने करार करणं हा गुन्हा आहे.

बाँडबद्दल एक गैरसमज सगळीकडे आढळतो. १ जानेवारी २०२३ पासून बाँड १५,००० चा २५,००० झाला हे खरं. पण तो तुमच्या एकटीसाठी नाही, त्या कॉन्ट्रॅक्टरवर दावा करणाऱ्या सगळ्यांत मिळून आहे. पाच घरं अर्धवट सोडून तो गेला तर पाच जणांत २५,०००.

आणि परमिट. तुमच्या नावावर परमिट काढलं की तुम्ही "ओनर-बिल्डर" होता. म्हणजे काम मी स्वतः करवून घेतेय, जबाबदारी माझी, असं तुम्ही शहराला लिहून देता. इन्स्पेक्टरने काही नापास केलं तर उत्तर तुम्ही द्यायचं. चांगला कॉन्ट्रॅक्टर परमिट स्वतः काढतो, कारण त्यासाठी त्याला मुख्यतः लायसन्स नंबर आणि विम्याचा कागद द्यायचा असतो. जो तुमच्यावर ढकलतो त्याच्याकडे यांतलं काहीतरी नसतं. तुमच्या माणसाकडे काय नाही ते आता तुम्हीच लिहिलंत.

कातळशिल्प | ५ मार्च, रात्री ९:२०

आमचं जे झालं ते लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सनीव्हेल, २०२१. खालचं बाथरूम. माणूस प्रेमळ, कामाला वेळेवर, लायसन्स नाही. आम्ही विचारलंच नाही. ९,४०० डॉलर टप्प्याटप्प्याने दिले. टाइल दिसायला सुंदर, सांधे सरळ. आठ महिन्यांनी शॉवरच्या पलीकडच्या कपाटात वास यायला लागला. कपाटातली मुलीची गादी ओली निघाली. खालची एक टाइल बोटाने दाबली तर आत गेली. भिंत उघडली तेव्हा कळलं: टाइलच्या मागे सिमेंट बोर्ड नव्हताच, पाणी अडवणारा थरही नव्हता. बेडरूमला लावतात तो साधा ड्रायवॉल (जिप्समचा बोर्ड), त्यावर सरळ टाइल चिकटवलेली. ड्रायवॉलचा कागद सोलून हातात आला, आतला जिप्सम भिजवलेल्या पिठासारखा झाला होता. आणि मागच्या लाकडी खांबात स्क्रू ड्रायव्हर अर्धा इंच सहज गेला.

तो म्हणाला, मी तर चांगलं काम केलं, तुम्ही पाणी जास्त वापरता.

मग एका वकील मित्राने कायद्याचं कलम दाखवलं, ७०३१. दोन बाजू आहेत त्याला. लायसन्स नसलेल्या माणसाला कामाचे पैसे वसूल करायला कोर्टात जाता येत नाही, काम कितीही चांगलं असलं तरी, आणि घरमालकाला ते आधीपासून माहीत असलं तरी. आणि दुसरी बाजू: घरमालक दिलेले सगळे पैसे परत मागू शकतो, माल धरून. पण काम संपल्यापासून एका वर्षाच्या आत दावा लागतो. आमचे जेमतेम दोन महिने उरले होते. स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) गेलो, तेव्हा मर्यादा १०,००० ची होती (२०२४ पासून १२,५०० आहे). वकील न घेता स्वतः उभा राहिलो. निकाल आमच्या बाजूने लागला. हातात पैसे पडायला पुढे चौदा महिने गेले, तेही तुकड्यातुकड्यांनी. खांब बदलून बाथरूम पुन्हा करायला २२,००० लागले.

निकालाचा कागद हातात असणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. म्हणून रानजाई, आधीच थांबा.

गुलबक्षी | ५ मार्च, रात्री १०:०५

सगळ्यांचं पटतंय, तरी एक बाजू मांडावीशी वाटते. आमच्या घराचं कुंपण, दारं, रंग, सगळं गेली नऊ वर्षं एकच गृहस्थ करतात. ग्वाटेमालाचे. लायसन्स नाही. त्यांच्यासारखा हात मी लायसन्सवाल्यांतही पाहिला नाही. परीक्षा द्यायला जमत नाही म्हणून त्यांना कमी लेखलं जाऊ नये. माझे आजोबा गवंडी होते, त्यांच्याकडे कुठला कागद होता? त्यांनी बांधलेलं चिपळूणचं घर अजून उभं आहे.

दगडफूल | ५ मार्च, रात्री १०:४०

गुलबक्षीताई, तुमच्या आजोबांबद्दल आणि त्या गृहस्थांबद्दल पूर्ण आदर आहे. लायसन्स म्हणजे हातातलं कसब नव्हे, हे मी स्वतः रोज बघतो. माझ्याकडचा सगळ्यात चांगला टाइल बसवणारा माणूस परीक्षेला कधी बसलेला नाही. पण तो माझा कर्मचारी आहे. त्याचा विमा मी भरतो, त्याच्या हाताला लागलं तर त्याची चूल बंद पडत नाही. लायसन्सने घरमालकाइतकंच त्यालाही सांभाळलं जातं, हे मला सांगायचंय.

छोट्या कामांना सूट आहेच. १ जानेवारी २०२५ पासून मजुरी आणि माल धरून १,००० डॉलरच्या आतलं काम विनापरवाना करता येतं, आधी ही मर्यादा ५०० होती. दोन अटी: त्या कामाला परमिट लागत नसावं, आणि त्याने हाताखाली माणूस ठेवलेला नसावा. तीन हजारांच्या कामाची तीन बिलं केली तर ती सूट लागू होत नाही. तुमचे गृहस्थ एखादं दार बसवत असतील, नळ बदलत असतील तर बिनधास्त द्या. अख्खं कुंपण मात्र नको, त्यांच्याच भल्यासाठी. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि उद्या एखाद्या घरमालकाने पैसे बुडवले तर त्यांना कोर्टाचं दारही बंद. त्यांना चार वर्षांचा अनुभव सहज दाखवता येईल. तुम्ही त्यांना फॉर्म भरायला मदत करा, मीही करीन.

गुलबक्षी | ५ मार्च, रात्री ११:१२

त्यांच्या बाजूने असा विचार मी केला नव्हता. उद्या त्यांच्याशी बोलते. फॉर्मसाठी तुम्हाला विपू (साइटवरचा निरोप) करीन.

सायसाखर | ६ मार्च, सकाळी ७:५०

आम्ही पॅसाडीनाला. जानेवारी २०२५ च्या ईटन आगीत आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांची अल्टाडीनातली घरं गेली. राख निवायच्या आत गाड्या फिरायला लागल्या होत्या, दारोदार, "आम्ही साफ करून देतो, आज सही करा." एका आजींनी सही केली होती. त्यांच्या मुलाला वेळेत कळलं म्हणून वाचल्या: घरी येऊन केलेला करार कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करता येतो, आणि वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल तर पाच दिवसांत. त्यांनी चौथ्या दिवशी लेखी कळवलं. रद्द करायची नोटीस कराराला जोडलेली असावी लागते, त्यांच्या कागदांत ती नव्हतीच.

जाहीर केलेल्या आपत्तीच्या भागात विनापरवाना कॉन्ट्रॅक्ट घेणं हा साधा गुन्हा राहत नाही, फेलनी (गंभीर गुन्हा) ठरू शकतो. हे फलक लावून सांगत होते तरी लोक फसले. घर जळालेल्या माणसाला कागद वाचायची ताकद कुठून येणार?

ओसरी | ६ मार्च, सकाळी १०:२५ (पुणे)

वाचतोय. आपल्याकडे असं काही आहे का? नुकतंच कोथरूडचं फ्लॅटचं काम काढलंय.

कातळशिल्प | ६ मार्च, सकाळी ११:००

ओसरी, महाराष्ट्रात वीजकामाला आहे. विद्युत ठेकेदाराला सरकारचा परवाना लागतो, वायरमनला परमिट. नळजोडणीला महापालिकेचा परवानाधारक प्लंबर. सार्वजनिक बांधकाम खात्याची ठेकेदार नोंदणी असते ती सरकारी टेंडरसाठी. महारेरा २०१७ पासून आहे, पण तिथे प्रकल्पाचे बिल्डर आणि एजंट नोंदवतात. तुमच्या फ्लॅटची फरशी बदलणाऱ्या ठेकेदाराला यातलं काही लागू नाही. तिथे लेखी करार, टप्प्याने पैसे आणि वायरिंगला परवानाधारक माणूस, एवढं तुम्हालाच बघावं लागेल. काम अंगावर देणार असाल तर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या.

रानजाई | ६ मार्च, रात्री ९:३०

आज त्याला नाही म्हणून कळवलं. नवऱ्याने फोन केला. तो आधी म्हणाला ॲडव्हान्स कमी करतो, मग म्हणाला पार्टनरला सही करायला आणतो, मग आवाज चढवला. फोन ठेवल्यावर आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो होतो. दीड तास आमच्या डायनिंग टेबलवर बसून सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करून गेलेला माणूस.

३८,००० वाल्याचं पान काढलं. बी लायसन्स, नाव तेच, वर्कर्स कॉम्पची पॉलिसी चालू, १४ वर्षं जुनं लायसन्स. त्याच्या कोटमध्ये परमिटची फी आधीच धरलेली आहे आणि ॲडव्हान्स लिहिलाय १,००० डॉलर. पहिल्यांदा वाचताना हे माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

दगडफूल | ६ मार्च, रात्री १०:००

छान झालं. करारात काम सुरू आणि संपायच्या अंदाजे तारखा आहेत का बघा. शॉवर पॅनची (शॉवरच्या तळाची) पाणी भरून चाचणी आणि दांड्यांमागे लाकडी ठोकळे, हे दोन्ही लिहून घ्या. दांडा नुसत्या टाइलमध्ये किंवा ड्रायवॉलमध्ये बसवला तर आईंच्या वजनाने उपटून येईल. भिंत उघडी असतानाच दोन खांबांच्या मध्ये आडवं लाकूड ठोकायला हवं, नंतर होत नाही.

मोरपंख | १३ मार्च, रात्री ८:१५

दगडफूलदादा, थोडं अवांतर. मी सांगलीकडचा, इलेक्ट्रिकल डिप्लोमा, आता साक्रामेंटोला एका इलेक्ट्रिकल कंपनीत लागलोय. स्वतःचं लायसन्स काढायचं तर वाट कशी असते?

दगडफूल | १३ मार्च, रात्री ९:४५

अवांतर कसलं, याच विषयाचं आहे.

तुझ्या बाबतीत दोन पायऱ्या आहेत. सी-१० वाल्याकडे वायरिंग करणाऱ्या माणसाला आधी राज्याचं इलेक्ट्रिशियन सर्टिफिकेट लागतं. जनरल इलेक्ट्रिशियनला ८,००० तास, फक्त घरांच्या कामाला ४,८००. तोवर ट्रेनी म्हणून नोंद करून शाळेत नाव घालावं लागतं. कंपनीने ते केलंय का, उद्याच विचार. नोंद नसताना केलेल्या तासांवरून पुढे अडचण येते.

मग स्वतःचं लायसन्स. वय १८, आणि गेल्या दहा वर्षांत किमान चार वर्षं त्या कसबात पूर्ण कारागीर म्हणून किंवा त्यावरच्या पातळीवर काम. शिकाऊ म्हणून केलेलं त्यात धरत नाहीत. शिक्षणाची सूट जास्तीत जास्त तीन वर्षांची मिळू शकते, पण सरसकट नाही, बोर्ड कागद बघून ठरवतं. मी डिप्लोमाची मार्कलिस्ट इथल्या संस्थेकडून मूल्यमापन करून जोडली होती. अनुभवाचा फॉर्म तुझं काम प्रत्यक्ष बघितलेल्या माणसाने सही करून द्यायचा असतो. माझ्या पहिल्या मुकादमाने दिला. तो निवृत्त होऊन नेवाडाला गेला होता, मी सहा तास गाडी चालवून सही आणायला गेलो. म्हणून सांगतो, नोकरी सोडताना प्रत्येक ठिकाणाहून सही घेऊन ठेव.

परीक्षा दोन: एक कायदा आणि धंदा, दुसरी कसबाची. अर्जाची फी ४५०, पास झाल्यावर एकट्याच्या लायसन्सला २००. बोटांचे ठसे, २५,००० चा बाँड (ती रक्कम भरायची नसते, बाँड कंपनीला वार्षिक हप्ता द्यायचा). कायद्याच्या पेपरला हलकं घेऊ नको. कसबात मुरलेली माणसं तिथेच अडकतात. ॲडव्हान्सचा नियम, करारातल्या नोटिसा, लिएन (थकलेल्या पैशांसाठी घरावर लावायचा दावा), सगळं तिथेच आहे.

लायसन्स हातात आलं त्या रात्री गाडीच्या दारावर नंबर चिकटवला. जाहिरातीत, करारात, गाडीवर तो असायलाच लागतो. सकाळी वडिलांना फोटो पाठवला. ते एमएसईबीत लाइनमन होते. त्यांनी परत फोन करून फक्त नंबर वाचून दाखवला, एकेक आकडा, बरोबर आहे ना म्हणून.

रानजाई | २२ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

धागा वर काढतेय. काम सुरू झालंय, पण आज टपालाने एक पत्र आलं. टाइलच्या दुकानाकडून. त्यात "लिएन", "तुमच्या मालमत्तेवर" वगैरे लिहिलंय. आम्ही तर कॉन्ट्रॅक्टरला वेळेवर पैसे दिलेत. हात थंड पडलेत माझे.

दगडफूल | २२ एप्रिल, संध्याकाळी ७:०५

घाबरू नका. ती प्रिलिमिनरी नोटीस आहे. तुमच्याशी थेट करार नसलेला माल पुरवणारा किंवा उपकंत्राटदार, माल दिल्यापासून २० दिवसांच्या आत ती पाठवतो. अर्थ एवढाच: "माझा माल तुमच्या घरात लागलाय. कॉन्ट्रॅक्टरने माझे पैसे दिले नाहीत तर तुमच्या घरावर दावा लावायचा हक्क मी राखून ठेवतोय." व्यवस्थित धंदा करणारे सगळेच पाठवतात.

पण पत्र फेकूनही देऊ नका. कॉन्ट्रॅक्टरने पैसे थकवले तर तुम्हाला त्याच टाइलचे दुसऱ्यांदा द्यावे लागू शकतात. म्हणून पुढचा हप्ता देताना त्या दुकानाचं सशर्त लिएन रिलीज (दावा सोडल्याचा कागद) मागा, चेक वटल्यावर बिनशर्त. तयार नमुने कायद्यातच आहेत. कॉन्ट्रॅक्टर काचकूच करत असेल तर चेक दोघांच्या नावे काढा, त्याच्या आणि दुकानाच्या.

रानजाई | २३ एप्रिल, दुपारी १:१५

मागितलं. तो म्हणाला, "बरं झालं विचारलंत, बहुतेक लोक विचारत नाहीत," आणि संध्याकाळपर्यंत सशर्त रिलीज मेल करतो म्हणाला.

रानजाई | ३ जून, रात्री ९:५०

झालं सगळं. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या.

शॉवर पॅन बसवल्यावर त्याने निचऱ्याचं तोंड बंद केलं, काठापर्यंत पाणी भरलं आणि पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाला, आजची रात्र कुणी हात लावू नका. मी रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन बघून आले. सकाळी इन्स्पेक्टर आला, वाकून रेघ बघितली. पाणी रेघेवरच होतं. त्याने कार्डावर सही केली आणि मगच टाइलला सुरुवात झाली.

दांड्यांसाठी भिंत उघडी असताना सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला होता. त्या तिकडे साताऱ्याच्या घरी स्टुलावर बसल्या, उठल्या, हात कुठे जातो ते दाखवलं. त्याने टेपने मोजून तिथेच ठोकळे मारले. फायनल इन्स्पेक्शन परवा झालं, दुकानाचं बिनशर्त रिलीज हातात आल्यावर काल शेवटचा चेक दिला.

सासूबाई १४ तारखेला येतायत.

कातळशिल्प | ३ जून, रात्री १०:२०

भिंत बंद करायच्या आधीचे फोटो काढलेत ना? ठोकळे कुठे आहेत ते दिसायला हवं, पुढे कधी दांडा बदलायचा झाला तर.

रानजाई | ३ जून, रात्री १०:२६

काढलेत, टेप भिंतीला धरून. परमिटच्या कार्डाबरोबर फाइलला लावलेत.